बडोद्यास परतताना

मुंबईहून आलेली गाडी बडोदे स्टेशनात थांबली. उतारू उतरले, हमालांच्या डोक्यांवर वळकट्या चढल्या, टांगे भरले आणि एकामागून एक निघून गेले. फलाट रिकामा झाला. एक सव्वीस वर्षांचा तरुण मात्र आपल्या सामानापाशी उभाच होता. महिना सप्टेंबर, साल १९१७. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्याने मिळवली होती, डॉक्टरेटसाठीचा अभ्यासही तेथेच पुरा केला होता. हे शहर त्याला नवे नव्हते. साडेचार वर्षांपूर्वी तो येथेच नोकरीस होता. बडोदे सरकारच्याच पैशांवर तो शिकून आला होता आणि बडोदे सरकारचीच नोकरी करावयास परतला होता. एवढे सारे असूनही स्टेशनाबाहेर पडल्यावर उजवीकडे वळावे की डावीकडे, हे काही त्याला ठरवता येईना.

हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, ज्यांना पुढे सारा देश बाबासाहेब म्हणू लागला. त्यांच्या जयंतीला आपल्या महाविद्यालयात भाषणे होतात. घटनेचे शिल्पकार, चवदार तळे, नागपूरची दीक्षा हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. मीही शाळेत असताना तीन वेळा हे भाषण पाठ करून म्हटले आहे. पण हा स्टेशनवरचा प्रसंग त्या भाषणात नव्हता. तो मला गेल्या वर्षी ग्रंथालयात सापडला. बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. पुस्तिका अगदी लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. मला मात्र चार दिवस लागले. एक तर माझे इंग्रजी बेताचे, आणि दुसरे कारण पुढे येईलच.

बडोद्याची गोष्ट सांगावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. बिऱ्हाड आधी साताऱ्यास होते आणि नंतर मुंबईस आले, परळच्या चाळीत. एवढ्याशा जागेत माणसे अनेक. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील त्याला लवकर निजवत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून कॉलेजचे शिक्षण पुरे होऊ शकले. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. जाता जाता एक सांगते. हे सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. दत्तक जाण्यापूर्वीचे त्यांचे बालपण खेड्यातच गेले होते. शिक्षणाची किंमत त्यांना एवढी कशी कळली, याचे उत्तर कदाचित तेथेच असेल.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव प्रथम बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. हा मुक्काम थोड्याच दिवसांचा ठरला. वडील फार आजारी असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांच्या जिवाची घालमेल चालू होती. लेकाची भेट व्हावी एवढ्यासाठीच ते जणू थांबले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्या मिठाईच्या पुड्याचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बडोद्याशी असलेल्या नात्याची सुरुवात अशी झाली.

त्याच वर्षी महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, ही त्यातली अट. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान असे मिळेल ते सारे अधाशासारखे वाचले. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा निबंध वाचला आणि त्याच वर्षी लंडनला जाऊन अर्थशास्त्राच्या पुढच्या पदवीसाठी आणि बॅरिस्टरीसाठी नाव दाखल केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची सवलत मात्र लंडन विद्यापीठाने दिली.

पहिले महायुद्ध ऐन भरात होते. सामान आणि पुस्तके ज्या जहाजातून पाठवली होती ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. स्वतः ते दुसऱ्या बोटीने २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस सुखरूप उतरले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई हाती आली तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. म्हणजे समुद्राच्या तळाशी गेलेल्या पुस्तकांच्या पैशांवर ही परतीची वाट सुरू झाली.

आता पुन्हा त्या स्टेशनवर येऊ. बाबासाहेब लिहितात त्याचा आशय असा की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. न्यूयॉर्कमध्ये कोणी जात विचारली नव्हती. कोणाच्याही शेजारी बसावे, कोणत्याही नळाचे पाणी प्यावे. ती जाणीव बडोद्याच्या फलाटावर एका क्षणात परत आली. हिंदूंच्या खानावळी होत्या, त्यांना तेथे वीशी म्हणत. पण खरे सांगितले तर तेथे प्रवेश नाही आणि खोटे सांगितले तर उघडकीस आल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. अमेरिकेत ओळख झालेले काही मित्र शहरात होते. ते घरात घेतील का? मित्राला संकोचात टाकावे का? अशा विचारात बराच वेळ गेला. शेवटी भाडे न मिळाल्याने मागे राहिलेल्या एका गाडीवानाला त्यांनी विचारले. छावणीच्या भागात पारशांची एक धर्मशाळावजा खाणावळ असून तेथे पैसे देऊन राहता येते, असे त्याच्याकडून कळले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून त्यांना हायसे वाटले. सामान गाडीत चढले.

इमारत दुमजली. खाली एक वृद्ध पारशी व्यवस्थापक कुटुंबासह राहत असे. त्याने खोली दाखवली. गाडीवानाला पैसे देऊन भीमराव कपडे बदलू लागले तोच तो पुन्हा वर आला आणि अंगात सदरा-कस्ती नाही हे त्याच्या ध्यानात आले. येथे फक्त पारशांनाच राहता येते असे त्याने सांगितले. आता पुन्हा सामान घेऊन जायचे कोठे? बऱ्याच दिवसांत पाहुणा आलेला नव्हता आणि म्हाताऱ्यालाही चार पैसे हवे होते. तेव्हा तडजोड निघाली. वहीत पारशी नाव लिहावयाचे आणि राहण्याजेवण्याचा दीड रुपया रोज द्यावयाचा.

मित्रांनो, येथे मी वाचन थांबवून वर्गात गेले होते. जून महिन्यात मी गावाहून ट्रंक घेऊन धाराशिवच्या एस. टी. स्टँडवर उतरले तेव्हा मलाही राहावयास जागा नव्हती. वसतिगृहाची यादी लागली नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. त्यामुळे यादी लागेपर्यंत काय करायचे असते हे सांगणारेही कोणी नव्हते. ओळखीतून एका घराचा पत्ता मिळाला. दारात एका बाईंनी माझे गाव विचारले, मग आडनाव विचारले. मी सांगितले. त्या लगेच बाजूला झाल्या आणि मला आत घेतले, गरम भाकरी वाढली. मी त्यांचे उपकार मानले आणि अजूनही मानते. पण आडनाव सांगताना मला काहीच वाटले नव्हते, ते का वाटले नव्हते हे मला ग्रंथालयात बसल्यावर कळले. माझ्यामागून तीन दिवसांनी माझ्या वर्गातील एक मैत्रीण त्याच दारात गेली होती. तिला जागा भरल्याचे सांगण्यात आले. तेव्हा आम्हा दोघींना ते खरेच वाटले होते.

त्या खाणावळीतले दिवस कसे होते? वर एक मोठा दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या, बाके आणि अडगळ यांनी भरलेला. कडेला झोपण्याची लहानशी खोली. विजेचा दिवा नाही. रात्री एक कंदील मिळे, त्याचा उजेड जवळच्या जवळ मावळे. अंधारात वटवाघळे फिरत. बोलायला कोणी नाही. ते सकाळी दहाच्या सुमारास कचेरीत जात आणि होईल तितका वेळ बाहेर काढून रात्री आठला परत येत. उरलेले सामान घेऊन मुंबईहून त्यांचा भाचा आला. मामाची ती स्थिती पाहून तो मोठ्याने रडू लागला, म्हणून त्याला लगोलग परत पाठवावे लागले. कचेरीतही सुख नव्हते. शिपाई विटाळाच्या भीतीने कागद लांबूनच टाकीत, पिण्याच्या पाण्याची अडचण होई, असे चरित्रांतून वाचावयास मिळते. महाराजांचा माणूस, परदेशात शिकलेला, तरी शिपायाच्या लेखी त्याची किंमत वेगळी! सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता.

अकरावा दिवस उजाडला. सकाळचे जेवण करून, कपडे घालून ते कचेरीस निघाले होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करावयाची होती, ती उचलीत असताना जिन्यावर पावले वाजली. डझनभर धिप्पाड पारशी हातांत काठ्या घेऊन खोलीपुढे उभे राहिले. तू कोण, पारशी नाव घेऊन ही जागा का बाटवलीस, असा प्रश्नांचा भडिमार झाला. उत्तर देऊन उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत जागा सोडली नाही तर परिणामाला तयार राहा, असे बजावून ते गेले. पुस्तके हातातच राहिली.

त्या दिवशी भीमरावांनी दोन मित्रांची दारे ठोठावली. एक हिंदू होता. त्याला फार वाईट वाटले. पण तुम्हाला घरात घेतले तर नोकर निघून जातील, ही त्याची अडचण. दुसरा ख्रिस्ती. बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे त्याने कळवले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण, नवरा उदार मताचा पण बायको जुन्या वळणाची, हे पुढे समजले. म्हणजे धर्म बदलला, जात घरातच राहिली.

माझे वाचन चार दिवस रेंगाळले ते या पानावर. त्या नोकरांचे, त्या बायकोचे मला नवल वाटले नाही, कारण आमच्या घरी गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. आमच्याकडे नांगरटीला, काढणीला येणाऱ्या एका आजोबांचा तो कप. ते स्वतः तो घेत, स्वतः विसळून ठेवीत, आणि आजी वरून चहा ओतीत असे. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा त्या कपात पाणी प्याले, तर पाठीत धपाटा बसला होता. माझी आजी कोणाला वाईट बोलणारी नाही. त्या आजोबांच्या आजारपणात तिने त्यांच्या घरी ज्वारी पाठवली होती. कप मात्र निराळाच. बडोद्याच्या त्या मित्रांचीही अशीच माणसे असतील. वाईट म्हणावे अशी नसतील आणि म्हणूनच त्या तरुणाला भांडताही आले नसेल.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. ख्रिस्ती मित्राच्या घरून निघाले तेव्हा चार वाजले होते. मधला बराचसा वेळ त्यांनी शहर आणि छावणी यांच्या हद्दीवरच्या कमाठी बागेत काढले. ही बाग सयाजीराव महाराजांनीच लोकांसाठी उभारलेली, आता तिला सयाजीबाग म्हणतात. तेथे एका वडाखाली बाबासाहेबांनी अस्पृश्यता निवारणाचा संकल्प केला असे मानले जाते, दर वर्षी २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळला जातो आणि ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बाबासाहेबांनी स्वतः त्या संध्याकाळचे वर्णन फार थोडक्यात केले आहे. कधी शून्य मनाने बसले, कधी आई-वडिलांची आठवण झाली, एवढेच. मला ते थोडके वर्णन अधिक जवळचे वाटते. प्रतिज्ञा करताना मनुष्य मोठा दिसतो, हे खरे. पण सव्वीस वर्षांच्या मुलाला हाकलून दिल्यावर आधी आई आठवणार, मग बाकीचे.

आठ वाजता बागेतून उठून गाडी करून ते खाणावळीत गेले. सामान खाली आणले. म्हातारा व्यवस्थापक बाहेर आला. एकालाही दुसऱ्याशी बोलता येईना. हिशेब चुकता केला आणि नऊची गाडी पकडली. दहा वर्षांचा करार असलेली नोकरी अशी अकरा दिवसांत संपली. पहिल्या वेळी या रुळांवरून मुंबईकडे जाताना हातात वडिलांसाठी मिठाई होती. या वेळी कोणाला काही न्यावयाचे नव्हते.

यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या कोलंबियातील मित्राने कर्ज दिले. हा भथेना पारशी होता! काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि परतीचे तिकीट ज्याच्यामुळे निघू शकले तोही पारशी. सगळ्या समाजाला एका मापाने मोजू नये हे बाबासाहेबांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९२० मध्ये ते लंडनला परतले. पूर्वी राहिलेल्या शहरात परत जाण्याची ही दुसरी खेप. येथे कोणी हाकलले नाही, पण पोट भरत नव्हते. ग्रंथालय उघडण्यापासून बंद होईपर्यंत वाचन आणि रात्री पापडावर भूक भागवणे. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली, बॅरिस्टरही झाले. १९२७ ला महाड, १९३० ला काळाराम मंदिर, १९३२ ला पुणे करार. मधेच १९२९ मध्ये चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना बसवायला तयार होईना, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बडोद्याचा गाडीवान निदान भाडे तरी घेत होता.

आपल्या जिल्ह्याला त्यांचे पाय लागले ते कसबे तडवळ्यात. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे गावकीची कामे पिढ्यान्पिढ्या करावयाची आणि त्याबदली जमिनीचा तुकडा नि बलुते मिळवावयाचे. एका तुकड्यापायी माणूस गावाला कायमचा बांधला जाई. बाबासाहेबांचा त्याला विरोध होता तो यासाठीच. तडवळे माझ्या गावाहून लांब नाही. तेव्हाची बैलगाड्यांची मिरवणूक आजा-पणजाने पाहिल्याचे तिकडची माणसे आजही सांगतात. स्टेशनवर एकट्याने उभा राहिलेला तो तरुण आणि ही मिरवणूक, यांत चोवीस वर्षांचे अंतर आहे.

तिसरे परतणे न्यूयॉर्कचे. घटना लिहून झाली होती, मंत्रिपद सोडून झाले होते, प्रकृती ढासळली होती. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली. जुने गुरू जॉन ड्यूई भेटतील अशी त्यांना फार आशा होती. ते विमानप्रवासात असतानाच ड्यूई वारले. वय ब्याण्णव वर्षांचे. सुरतेला चुकलेली गाडी मला येथे पुन्हा आठवली. पुढे चार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादेस सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात मराठवाड्यातील कितीतरी घरांतील पहिला पदवीधर शिकला. उद्या माझ्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असेल त्यालाही १९९४ पासून त्यांचे नाव आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा बडोद्याचा भाग मराठीत लिहून घरी नेला आणि चुलीपाशी बसून आजीला वाचून दाखवला. ती शेंगा फोडीत ऐकत होती. मध्येच तिने विचारले की त्या पोराला तेव्हा आई होती का. मी सांगितले, नव्हती, तो लहान असतानाच गेली. आजीचे हात थांबले. शेंगांचे सूप तिने बाजूला सरकवले. कोनाड्यातल्या कपाबद्दल ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली की मघाशी नीट ऐकू आले नाही, ते स्टेशनापासून परत वाच.